वनमाला घाडी, जिथे असशील तिथून ये

"आई सांडपाण्याला चालल्यात," श्वेताने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, तेव्हा राजेश रविवारची दाढी करत होता. त्याला वाटलं, खालचा चेंबर पुन्हा तुंबला.

"सेक्रेटरीला कळवलंस का?"

"त्यांना कशाला? तिकीट आईंनी स्वतःच काढलंय. पुढच्या रांगेचं."

एका गालाला फेस तसाच ठेवून राजेश बाहेर आला. वनमालाबाई आरशासमोर उभ्या राहून संक्रांतीच्या काळ्या साडीला पिन लावत होत्या. व्हिडिओत सगळी पोरं काळ्या कपड्यांत दिसायची, म्हणून कपाटाच्या तळातून ती साडी काढली होती.

सांडपाणी हा मानखुर्दच्या पोरांचा बँड. सर्वेश गातो, दोघं गिटार वाजवतात आणि विनिता नावाची किडकिडीत पोरगी ड्रम बडवते. सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी नातीच्या, म्हणजे ऋतिकाच्या फोनवर त्यांचं एक गाणं चुकून वाजलं होतं:

खाली मोटर, वर टाकी,
आमचा मजला तेवढा बाकी!

भांडुपच्या टेकडीवर हंडे चढवण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या वनमालाबाईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. गाण्यात चंद्र होता, पाऊस होता, सखी-साजणी होती, पण आपल्या नळाचा विषय कोणी काढल्याचं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि त्या पोरीचा हात! वनमालाबाईंचे यजमान दशरथ घाडी गावाकडच्या भजनाच्या डबलबारीत पखवाज वाजवायचे. समोरच्या बुवाची जिरवायची असली की त्यांचा हात असाच सुटायचा. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर पायाने आपणहून ठेका धरला तो त्या दुपारी. तेव्हापासून त्यांनी बँडची सगळी गाणी पाठ केली होती, आणि देवपूजा करताना आरतीच्या मध्येच टाकी येऊ लागली होती.

"आई, तिथे खुर्च्या नसतात. चार तास उभं राहायचं. तुझा गुडघा?"

"सुरमई घ्यायला तासभर उभी राहते तेव्हा विचारतोस का गुडघा?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, घाडीची आई सांडपाण्याला गेली. खोटं काय आहे त्यात?"

ऋतिकाने फोनमधून डोकं वर काढलं. "आजी, प्लीज, माझ्या कॉलेजचं कोणी दिसलं तर ओळख देऊ नकोस. आणि तो बँड आता कोणी ऐकत नाही गं. मागच्या वर्षीचा आहे तो."

"आणि मी कधीची आहे?" असं म्हणून वनमालाबाईंनी पर्स उचलली आणि त्या निघाल्या. राजेश गॅलरीतून "आई, ऐक तरी!" म्हणून ओरडत राहिला, गालावरच्या फेसामुळे त्याला खाली उतरता येईना.

दिंडोशीला बसमधून उतरून त्या मैदानाच्या फाटकाशी पोहोचल्या तेव्हा आत नुसती काळी टीशर्टं होती. काळ्या टीशर्टातल्याच एका मुलीने त्यांचा हात अलगद धरला आणि मनगटावर पिवळी कागदी पट्टी चिकटवली.

"आजी, पालक तिकडे. पंखा आहे, चहा आहे, बसा आरामात."

वनमालाबाई पंख्याखाली जाऊन बसल्या. पुढच्या रांगेची सोय फारच छान आहे, असं त्यांना वाटलं. मग लक्षात आलं की स्टेज या मंडपाच्या मागच्या बाजूला आहे, मध्ये पत्रे आहेत आणि शेजारी बसलेले सगळे घड्याळाकडे बघताहेत. त्या उठून पुन्हा त्या मुलीकडे गेल्या.

"काय गं, नाव काय तुझं?"

"क्षमा."

"ती नंतर माग. आधी नाव सांग."

"आजी, नावच क्षमा आहे माझं."

"बरं, क्षमा. मी पालक नाही. हे बघ तिकीट."

क्षमाने त्यांच्या फोनवरचं तिकीट वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. "वनमाला घाडी... अरे देवा! तिकीट तुमच्याकडेच राहिलं? मग ती आत गेली कशी? की बाहेरच आहे? कितवीत आहे?"

"सातवी पास. अगं, पण—"

"सातवीतली मुलगी! एकटी!" क्षमाने कमरेचा वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "सहदेव सर, एक लहान मुलगी मिसिंग आहे!"

वनमालाबाई बोलायला तोंड उघडतात तोवर पत्र्यापलीकडून भोंगा घुमला. "वनमाला घाडी, वनमाला घाडी, जिथे असशील तिथून गेटजवळ ये. घाबरू नकोस. तुझी आजी तिकीट घेऊन उभी आहे."

मग कोणीतरी ओरडलं, "वनमाला!" त्याला आणखी शंभरांनी साथ दिली, आणि बघता बघता सगळं मैदान टाळ्यांवर "व-न-मा-ला! व-न-मा-ला!" असा गजर करू लागलं. विनिताने त्याला ड्रमची साथ दिली. सदुसष्ट वर्षांत आपलं नाव इतक्या तालात वनमालाबाईंनी ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला, आणि दुसऱ्याच क्षणी संताप. आपल्या नावाने मैदान दणाणतंय आणि आपण चहाच्या थर्मासजवळ!

"अगो बाये, मियाच ती वनमाला!" रागाच्या भरात त्यांची मालवणी बाहेर पडली. पर्समधून आधार कार्ड काढून त्यांनी क्षमाच्या नाकासमोर धरलं.

क्षमाने कार्ड पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "हा फोटो तुमच्यासारखा नाही दिसत."

"मग कोणासारखा दिसतो? सांग, तिला बोलावते."

"पण आजी, तिकीट उभ्याचं आहे."

"मग मी काय झोपून आलेय?"

क्षमाला पटलं. तिने वॉकीटॉकीत सांगितलं, "सर, वनमाला मिळाली. आजीजवळच होती. म्हणजे... आजीच आहे. वय सदुसष्ट." मग सहदेव सरांचा निकाल आला: अठराच्या आतले आणि साठच्या वरचे, दोघांनाही पुढे सोडायचं तर बाहेर जबाबदार माणूस बसलेलं लागतं. नियम आहे.

वनमालाबाई खुर्चीत बसल्या. शेजारी सफारी घातलेले भाऊराव नावाचे गृहस्थ होते. त्यांचा मुलगा आत होता.

"बरं झालं अडवलं," ते म्हणाले. "हे काय गाणं आहे? नुसतं ओरडणं."

"आणि आमचे बुवा डबलबारीत काय कुजबुजतात?" वनमालाबाई तडकल्या. "पाणी नाही आलं तर तुम्ही सेक्रेटरीशी सुरात बोलता का?"

भाऊरावांनी खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

तेवढ्यात फोन वाजला. राजेश होता. "आई! तू हरवलीस? ऋतिकाला कोणीतरी व्हिडिओ पाठवला, सगळं पब्लिक तुझ्या नावाने बोंबलतंय! आपल्या अख्ख्या बिल्डिंगच्या ग्रुपवर गेलाय तो! जिथे आहेस तिथेच थांब, हलू नकोस, मी रिक्षातच आहे. तुला घरीच घेऊन येतो."

"लवकर ये," एवढंच त्या म्हणाल्या. कशासाठी ते सांगितलं नाही.

पत्र्यापलीकडे एक गाणं झालं, दुसरं झालं. प्रत्येक गाण्यानंतर सर्वेश विचारायचा, "वनमाला मिळाली का?" आणि मैदान ओरडायचं, "नाही!" शेवटी तो म्हणाला, "मग टाकी आपण ती आल्यावरच वाजवू. पाण्याशिवाय राहायची सवय आहे आपल्याला!" हशा उसळला. वनमालाबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. पदराने ते पुसून त्या उठल्या, फाटकाच्या दोरीजवळ जाऊन ताठ उभ्या राहिल्या आणि गुडघ्याला म्हणाल्या, "आज दुखायचं नाही. सांगून ठेवते."

राजेश आला तो धावतच. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालाची तशीच. "आई! काय तमाशा लावलायस हा? चल, आधी घरी चल!"

"तुम्ही कोण यांचे?" क्षमा मध्ये आली.

"मुलगा. मी मुलगा आहे यांचा."

"यांची जबाबदारी तुमची?"

"मग कोणाची? माझीच! अहो, म्हणून तर मी—"

क्षमाने त्याचं मनगट धरून पिवळी पट्टी चिकटवली. वनमालाबाईंच्या हातावरची पिवळी पट्टी तिने फाडली आणि त्या जागी हिरवी लावली. "जा, आजी. पळा."

"अहो, थांबा! मी न्यायला आलोय!"

"हो ना, सगळे न्यायलाच आलेत," क्षमाने मंडपाकडे बोट दाखवलं. "पालक तिकडे. संपेपर्यंत जायचं नाही हं, काका. जबाबदारी तुमची आहे."

"आई!"

वनमालाबाईंनी दोरीपलीकडून वळून पाहिलं. "श्वेताला फोन कर, जेवून घ्या म्हणावं. आणि गाणं चालू असताना फोन करू नकोस मला. उचलणार नाही."

काळ्या टीशर्टांच्या गर्दीत काळी साडी दिसेनाशी झाली. दोन मिनिटांनी पत्र्यापलीकडून असा काही जल्लोष उठला, की थर्मासचं झाकण थरथरलं. पाठोपाठ विनिताचा हात सुटला. टाकी सुरू झाली होती.

कार्यक्रम संपला तेव्हा वनमालाबाई सावकाश बाहेर आल्या. अंबाडा सुटलेला, पिन कुठेतरी पडलेली, आवाज पार बसलेला. दोन्ही बाजूंनी दोन अनोळखी पोरी त्यांचा हात धरून चालल्या होत्या, आणि गुडघा त्याला जे सांगायचं होतं ते आता भराभर सांगून घेत होता. पालकांच्या मंडपात राजेश डोकं धरून बसला होता. भाऊराव त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला समजावत होते.

"मनाला लावून घेऊ नका हो. माझ्या मुलाचंही तेच. या वयात असतंच हे. आपण रागावलो की ती जास्त चेकाळतात. तीन-चार वर्षांत नाद सुटतो आपोआप."

"अहो, माझी आई सदुसष्ट वर्षांची आहे," राजेश कळवळून म्हणाला.

भाऊराव विचारात पडले. "मग जरा जास्त लागतील," ते म्हणाले.