चर्च बघायचं राहून गेलं

शनिवारी जुनं चर्च बघून यायचं आणि संध्याकाळी परत, एवढाच बेत होता. बेत बायकोचा. (माझ्या बेतांवरचा तिचा विश्वास लग्नानंतर वर्षभरातच उडाला.) चार महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून मी धड बोलत नव्हतो, म्हणून हा खटाटोप.

आई गेली तेव्हा मी रडलो नाही. अर्ज भरले, आलेल्यांना खुर्च्या दिल्या, दाखल्यावरची खाडाखोड तिथल्या तिथे दाखवून दिली. चौतीस वर्षं नोंदणी खात्यात कारकुनी केली की असं होतं. ताईला मात्र ते फार लागलं. दगड आहेस, एवढं म्हणून तिने माझ्याशी बोलणंच टाकलं.

चर्चपाशी पोचलो तोवर बायकोचे गुडघे बोलायला लागले होते. ती बाहेर बाकावर टेकली आणि मी एकटाच आत गेलो. आत रांग होती. रांग दिसली की मी आधी उभा राहतो, कशाची ते नंतर विचारतो. सगळे काळ्या कपड्यांत, गप्प. पर्यटकांना इतकी शिस्त असते हे बघून बरं वाटलं. कुणीतरी हातात पांढरं फूल दिलं, तेव्हा तर व्यवस्थेचं कौतुकच वाटलं. छताची नक्षी बघत बघत पुढे सरकलो आणि थेट एका शवपेटीसमोर येऊन थांबलो.

आत एक म्हातारी होती. डोळ्यांवर चष्मा, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माझ्या आईचीही तशीच होती. नवीन आणतो, असं मी तिला तीन वर्षं सांगत होतो.

मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, हुंदके देत. पुढच्या बाकावरून म्हातारीची मुलगी उठली आणि तिने मला धरून शेजारी बसवलं. तिच्या मोठ्या भावाने पाणी दिलं आणि माझं नातं विचारलं.

"आई," मी म्हणालो. मला माझी म्हणायचं होतं.

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भावाने अतिशय हळू आवाजात माझं वय विचारलं.

तेवढ्यात बायको लंगडत मला शोधत आली. तिने काय ते ओळखलं आणि हात जोडून सगळं सांगितलं. आता बाहेर काढतील म्हणून मी उठलो, पण मुलीने हात सोडला नाही.

"बसा," ती म्हणाली. "आम्ही सकाळपासून नुसती माणसं बसवतोय. कुणीतरी रडायला हवंच होतं."

मग तीही रडली. आम्ही शेवटपर्यंत थांबलो.

परतताना बसमध्ये बायकोने ताईचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, चष्म्यासकट. ताईने नाक ओढलं.

"आईला सांगायला हवं होतं रे, तू रडलास म्हणून."

"हो ना."

"पण तिचाही विश्वास बसला नसता," ताई म्हणाली. "बायकोला दे जरा फोन."