पर्यायी व्यवस्था

रविवारी दुपारी विजयमालाबाई मेथी निवडत बसल्या होत्या, तेव्हा पाव तासाच्या अंतराने मोबाइलवर दोन पत्रं आली. दोन्ही तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाची, दोन्हींवर एकाच साहेबांची सही. पहिल्यात लिहिलं होतं, उद्यापासून पाच दिवस 'जिज्ञासाधारित अध्यापन व विद्यार्थी सहाय्य' या विषयावर कार्यशाळा आहे, शिक्षकांनी हजर राहायचं, न राहिल्यास कारवाई. दुसऱ्यात लिहिलं होतं, कार्यशाळेच्या नावाखाली एकही शाळा बंद राहता कामा नये, शाळास्तरावर पर्यायी व्यवस्था करावी, शाळा बंद आढळल्यास कारवाई.

खडकवस्तीच्या शाळेत खोली एक, फळा एक, मुलं अकरा आणि बाई एक. शाळास्तर म्हणजे विजयमालाबाईच. त्यांनी कार्यालयातल्या बबनराव लिपिकांना फोन लावला.

"बबनराव, पर्यायी व्यवस्था म्हंजे कोण?"

"तुमच्या शाळेतला दुसरा शिक्षक."

"दुसरा न्हाईच की."

"मग असं करा, दुसऱ्याला कार्यशाळेला धाडा अन् तुमी शाळा सांभाळा."

"अहो, दुसरा शिक्षकच न्हाई म्हणते मी!"

"पद रिक्त हाय व्हय? तसं लेखी कळवा ना बाई. रिक्त पदावरच्या शिक्षकाला कार्यशाळेतून सूट हाय."

बाईंनी फोन ठेवला आणि निवडलेल्या मेथीत काड्या टाकायला सुरुवात केली.

इतर कुणी असतं तर एक पत्र फाडून मोकळं झालं असतं. पण खडकवस्तीची शाळा कमी पटामुळे दोनदा बंद करायच्या यादीत गेली होती. दोन्ही वेळा बाईंनी अर्ज-विनंत्या करून ती मागे आणली होती. वस्ती मेंढपाळांची. दुसरी शाळा ओढ्यापलीकडे चार किलोमीटरवर, आणि ओढ्याला पूल नाही. ही शाळा मिटली की मुली दुसऱ्या शाळेत जाणार नव्हत्या, मेंढरांमागं जाणार होत्या. बाईंना हे पाठ होतं. त्यामुळे कारवाईपेक्षा त्यांना कुलपाची भीती जास्त वाटायची.

सोमवारी सकाळी त्यांनी तोडगा काढला. शाळा बंद ठेवायची नाही, उचलून न्यायची. खिचडी शिजवणाऱ्या दगडाबाईंना त्यांनी पातेलं भरून द्यायला सांगितलं.

"अन् पोरं कुठं न्हेता?" दगडाबाईंनी विचारलं. त्यांची नात ऋतुजा चौथीत होती.

"कार्यशाळेला."

"तिथं काय शिकवित्यात?"

"पोरांना कसं शिकवायचं, ते."

"मग बरंच हाय की. पोरं बघूनच शिकवा म्हणावं."

वस्तीवरच्या पप्पूच्या जीपमध्ये अकरा मुलं, एक पातेलं आणि बाई कशाबशा बसल्या. बाईंनी शाळेला कुलूप लावलं, पण शाळा तर जीपमध्ये होती.

कार्यशाळा एका मंगल कार्यालयात होती. सुलभक, म्हणजे कार्यशाळा घेणारे, होते रामेश्वर सर. तिशीचे, चुणचुणीत, गळ्यात ओळखपत्र आणि हातात पडद्यावर लाल ठिपका पाडणारी कांडी. दारात मुलांची रांग बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, ही विद्यार्थ्यांविषयीची कार्यशाळा आहे. इथं विद्यार्थ्यांना परवानगी नाही."

"मग ह्यांना कुठं ठेवू, सर?"

"शाळास्तरावर पर्यायी व्यवस्था करायची होती ना!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून सर विरघळले असं नव्हे. त्यांनी मागे वळून खुर्च्या मोजल्या, म्हणून ते विरघळले. पन्नास शिक्षकांचं उद्दिष्ट होतं आणि बाई धरून आले होते एकोणचाळीस. सरांनी मुलं मोजली. पुन्हा खुर्च्या मोजल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू विद्यार्थी सहाय्य पसरलं.

"बसू द्या मागं," ते म्हणाले. "सह्या येतात का यांना?"

सह्या म्हटल्यावर मुलांना कोण आनंद! अकराच्या अकरा जण हजेरीपत्रकावर तुटून पडले. शाळेचा सांकेतिक क्रमांक भिंतीवर रंगवलेला, त्यामुळे तो सगळ्यांना तोंडपाठ. 'पद' या रकान्यात काय लिहायचं, हे ऋतुजाने विचारलं. सर घाईत होते. "वर काय लिहिलंय तेच. खाली दोन टिकल्या द्या."

वर बाईंनी लिहिलं होतं, सहशिक्षिका. मुलांनी टिकल्या दिल्या. बाई तेव्हा पहिलीतल्या संस्कृतीचं नाक पुसत होत्या.

कार्यशाळा सुरू झाली. सरांनी पडद्यावर लिहून दाखवलं, 'मुलांना उत्तरे देऊ नका. मुलांना प्रश्न विचारू द्या.' एकोणचाळीस शिक्षकांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग सरांनी विचारलं, "पाण्यावर काय तरंगतं, काय बुडतं, यावर कुणाला प्रश्न पडतो?" कुणाला काही पडलं नाही. दोघांना स्वप्नं पडत होती. मागच्या रांगेतून ऋतुजाने हात वर केला.

"सर, मेंढी ओढ्यात पडली की आधी तरंगती. मग लोकर भिजली की बुडती. पर आमचं बकरं बुडतच न्हाई, पोहून बाहीर येतं. कावून?"

सरांनी पुस्तिका चाळली. पुस्तिकेत लाकूड, नाणं आणि मेणबत्ती होती. मेंढी नव्हती.

"छान प्रश्न," ते म्हणाले. "प्रश्न विचारण्याचं सत्र गुरुवारी आहे. तेव्हा विचार."

तिसऱ्या दिवशी विद्यार्थी सहाय्य आलं. "कल्पना करा," सर डोळे मिटून म्हणाले, "वर्गाच्या शेवटच्या रांगेत एक छोटी मुलगी रडते आहे. तुम्ही काय कराल?" सगळ्यांनी डोळे मिटून कल्पना केली. तेवढ्यात शेवटच्या रांगेत संस्कृती खरोखरच रडायला लागली. तिला लघवीला जायचं होतं आणि दाराशी कुत्रं होतं.

"बाई, जरा मुलीला गप्प करा," सर डोळे न उघडता म्हणाले. "फार महत्त्वाचा मुद्दा चाललाय."

बाई तिला घेऊन बाहेर गेल्या. कुत्र्याला हाकलताना त्यांच्या मनात आलं, आपल्याला यातलं काहीच कळत नाही, की सगळंच कळतंय? कुणाला विचारायची सोय नव्हती.

आणि नेमकं त्याच दिवशी, त्याच वेळी, भरारी पथकाची गाडी खडकवस्तीवर गेली. शाळेला कुलूप. पथकाने कुलपाचा फोटो काढला आणि अहवालात लिहिलं : उपस्थित विद्यार्थी शून्य.

हे बाईंना तीन आठवड्यांनी कळलं. म्हणजे आधी पन्नास प्रमाणपत्रं निघाली. त्यातली बारा खडकवस्तीची. 'श्रीमती संस्कृती यांनी जिज्ञासाधारित अध्यापनाचे पाच दिवसांचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले.' मुलांनी ती खोलीभर नाचवली. बाईही हसल्या. त्यांचं ते त्या महिन्यातलं शेवटचं हसणं. दोन दिवसांनी आदेश आला : खडकवस्ती शाळेत शिक्षक बारा, विद्यार्थी शून्य. सबब अकरा शिक्षक अतिरिक्त ठरत असून त्यांचे समायोजन पुढीलप्रमाणे करण्यात येत आहे. सात दिवसांत रुजू व्हावे. विद्यार्थीसंख्येअभावी शाळा बंद करण्याचा प्रस्ताव वेगळा सादर होत आहे.

ऋतुजाला घाटनांदूर मिळालं होतं. संस्कृतीला तलवाडा.

दगडाबाईंनी आदेश नातीकडून दोनदा वाचून घेतला. "घाटनांदूर लई लांब पडंल, बाई," त्या काळजीने म्हणाल्या. "केजच्या अंगाला न्हाई का मिळत? तिची मावशी हाय तिथं."

बाई तडक तालुक्याला गेल्या आणि बबनरावांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"बबनराव, ही माझी पोरं हायत. शिक्षक न्हाईत."

बबनरावांनी संगणकात बघितलं. "बाई, शाळेचा क्रमांक तुमचा, सही त्यांची, पद सहशिक्षिका. प्रशिक्षण पूर्ण. तुमच्याच मागं नावं हायत."

"पण ती मुलांच्या यादीतबी असतील ना!"

"होती. एकच माणूस शिकवतोयबी अन् शिकतोयबी, हे मशीन कसं घेईल? तिनं मुलांच्या यादीतून काढली."

"मग शिक्षकांच्या यादीतून काढा."

"कशी काढू? बदली झाली तर निघतील, न्हाईतर निवृत्त झाली तर."

"निवृत्त करा की मग!"

"अठ्ठावन्न पूर्ण लागतात. धाकटी किती वर्षांची हाय?"

"सहा."

बबनरावांनी बोटांवर हिशेब केला. "बावन्न वर्षं थांबावं लागंल."

बाई समोरच्या बाकावर बसल्या. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्या या बाकावर अनेकदा बसल्या होत्या, पण आज पहिल्यांदा त्यांना उठावंसं वाटलं नाही. शाळा वाचवायला म्हणून त्यांनी शाळा जीपमध्ये भरली होती, आणि शाळा त्यांच्या हातानेच संपली होती. कुलूप लावून गपचूप कार्यशाळेला गेल्या असत्या, तर फार तर एक नोटीस आली असती. पोरं तरी पोरं राहिली असती.

बबनराव मनाने वाईट नव्हते. तास-दीड तासाने त्यांनी चहा मागवला आणि खाली वाकून हळूच सांगितलं, "एक वाट हाय. राजीनामा."

दुसऱ्या दिवशी खडकवस्तीच्या शाळेत अकरा राजीनामे लिहिले गेले. बाईंनी फळ्यावर नमुना लिहून दिला : 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' तिसरीतल्या सटवाने विचारलं, "बाई, वैयक्तिक कारण म्हंजे काय?" बाईंनी त्याला सांगितलं, "जे कुणालाच सांगता येत न्हाई, ते." संस्कृतीला स्वतःच्या नावापलीकडची जोडाक्षरं यायची नाहीत. तिने नाव लिहिलं आणि उरलेल्या जागेत मेंढी काढली. राजीनामे मंजूर झाले. मेंढीवरही शेरा पडला, 'मान्य'.

अकरा शिक्षक गेले. आता शाळेत शिक्षक एक, विद्यार्थी शून्य. बाईंनी अकरा मुलांचे नवे प्रवेश अर्ज भरले. 'पूर्वीची शाळा' या रकान्यात काही लिहिता येईना, कारण पूर्वीच्या शाळेत मशीनच्या मते ती कधी शिकलीच नव्हती. बाईंनी रकाना कोरा ठेवला. कोऱ्या रकान्याचा अर्थ मशीनने तिच्या परीने लावला : शाळाबाह्य.

मार्चमध्ये सत्काराचं पत्र आलं. एका महिन्यात तालुक्यात सर्वाधिक शाळाबाह्य मुलं शाळेत आणल्याबद्दल श्रीमती विजयमाला यांचा गौरव होणार होता. पट शून्यावरून अकरावर गेल्यामुळे शाळेचं नाव बंद करायच्या यादीतून काढलं होतं. 'झपाट्याने वाढणाऱ्या शाळा' अशी एक नवी यादी निघाली होती. तीत खडकवस्ती पहिली.

सत्कार त्याच मंगल कार्यालयात झाला. साहेबांनी बाईंच्या खांद्यांवर शाल पांघरली. रामेश्वर सरांनी बाईंच्या जिज्ञासेवर चार वाक्यं सांगितली आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात दिला. बाईंनी रात्रभर ठरवलं होतं की आज सगळं सांगून टाकायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ही पोरं कधी शाळेच्या बाहेर न्हवतीच. ती रोज शाळेत येत होती. आपल्यालाच ती दिसत न्हवती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळं मंगल कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. "केवढा खोल विचार!" रामेश्वर सर शेजारच्याला म्हणाले आणि वाक्य वहीत उतरवून घेऊ लागले.

बाई खाली येऊन आपल्या खुर्चीत बसल्या. शाल अंगावर जड वाटत होती. मागच्या रांगेतून एक शिक्षक वाकून पुढे आले. चेहरा ओढलेला, हातात एक चुरगळलेलं पत्र.

"बाई, मी रामप्रसाद. डोंगरपट्ट्यात एकशिक्षकी शाळा हाय माझी. काल बंद करायच्या यादीत नाव आलं." ते थांबले, इकडेतिकडे बघितलं. "एक विचारू का? तुमी ते शून्य कसं केलं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या.

"किती पोरं हायत तुमच्याकडं?"

"नऊ."

विजयमालाबाईंनी शाल काढून मांडीवर घेतली आणि शेजारची खुर्ची ओढली.

"बसा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगते."