हिरव्या पट्ट्यांची राखण

सुसंस्कृत समूहाची पहिली खूण म्हणजे, त्यात कुणाला लागलं-खुपलं तर दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं असतं. आमच्या घरच्या संघाने ही अवस्था पहिल्याच रविवारी गाठली, याची नोंद करताना मला समाधान वाटतं. (मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून आहे. नोंद करताना मला एरवीही समाधान वाटतं.)

संघ चौघांचा. मोठा भाऊ, म्हणजे दादा, लोकांना मोटार चालवायला शिकवतो. वहिनी इस्पितळात स्त्रियांच्या वॉर्डात नर्स आहेत. वहिनींचा धाकटा भाऊ लाउडस्पीकर भाड्याने देतो आणि ते जवळ नसतानाही तसाच बोलतो, म्हणून त्याला सगळे तोफ म्हणतात. चौथा मी. दर रविवारी दुपारी तीन ते पाच आम्ही ऑनलाइन जगात राक्षस मारतो.

खेळात शिरण्यापूर्वी आपण कोण व्हायचं ते निवडावं लागतं. दादा योद्धा झाला, कारण योद्धा सगळ्यांच्या पुढे असतो. (शिकवणीच्या गाडीतही तो पुढेच बसतो, फक्त स्टिअरिंग दुसऱ्याकडे असतं.) तोफ जादूगार झाला, कारण जादूगाराच्या हातून आगीचे गोळे सुटतात. मी धनुर्धर झालो. धनुर्धर लांब उभा राहून काम उरकतो आणि पुढे त्याचं काय झालं हे बघायला जात नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीने माझी पुरेशी तयारी झालेली होती. उरला वैद्य. ती निवड लोकशाही मार्गाने झाली. वहिनी ड्यूटीवर असताना मतदान घेतलं. तीन विरुद्ध शून्य.

वहिनी घरी आल्यावर दादाने निकाल कळवला. "तुला काही शिकावं लागणार नाही बघ. रोज तेच तर करतेस."

"म्हणूनच नको होतं," वहिनी चपला काढत म्हणाल्या.

ही संमती समजण्यात आली.

साधनसामग्रीचं वाटप गरजेनुसार झालं. आम्हा तिघांना जेवणाच्या टेबलावर मोठे पडदे, कारण आम्हाला राक्षस दिसणं आवश्यक होतं. वहिनींना ओट्याच्या कडेला जुना लॅपटॉप. त्याचं चारचं बटण दोनदा दाबावं लागे, आणि चार म्हणजे मोठा उपचार, खेळाच्या भाषेत 'हील'. पण वैद्याला पडद्यावर फार काही बघायचं नसतंच. कोपऱ्यात चार हिरव्या पट्ट्या असतात, प्रत्येकाच्या जिवाची एकेक. पट्टी लाल होऊ लागली की बटण दाबायचं, पुन्हा हिरवी करायची. आम्ही गुहा, हिमशिखरं, बुडालेली शहरं जिंकत गेलो. वहिनी पट्ट्या बघत गेल्या.

मृत्यूची नोंदवही मी ठेवली. अकरा महिन्यांत चारशे सहा मृत्यू. पैकी वैद्याच्या हलगर्जीपणामुळे चारशे एक आणि इंटरनेट गेल्यामुळे पाच. (राउटर सुरू करायला वहिनी लगेच उठल्या नाहीत, हे मी मोठ्या मनाने शेऱ्यात टाकलं.) एकदा तोफ पेटीतलं सोनं घ्यायला एकटाच पळाला आणि सात अस्वलांच्या मधोमध सापडला.

"ताई! हील दे ना! कुठं बघतेस?"

"अरे, तू भिंतीपलीकडे आहेस. माझा मंत्र पोचत नाही तिथे."

"मग भिंतीअलीकडून थोडी लवकर निघायचंस!"

वहीत कारण लिहिलं गेलं: वैद्य उशिरा. वैद्याचे स्वतःचे मृत्यू किती, हे सांगता येत नाही. त्यासाठी रकाना आखलेला नव्हता.

दहाव्या महिन्यात वहिनींनी एकदा विचारलं, "भावजी, हे राक्षस दिसतात तरी कसे?" त्यांच्या भाबडेपणाचं आम्हाला कौतुक वाटलं. तोफ तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

मग शेवटच्या ड्रॅगनचा रविवार आला. दादाने ही तारीख त्याच्या सगळ्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवली होती. वहिनी सलग सहा दिवस ड्यूटी करून आल्या होत्या. वॉर्डातल्या दोघी रजेवर होत्या. पण वहिनी वेळेवर बसल्या, तक्रार नाही. पाऊण तास झुंज चालली. ड्रॅगनचा जीव चार टक्क्यांवर आला. दादा गरजत होता, "हील! हील! अगं, हील!"

आणि वहिनींनी मान वर करून पडद्याच्या मध्यभागी पाहिलं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "याच्या पंखांवर बर्फ पडतोय."

नऊ सेकंदांत आम्ही तिघे मेलो.

या खेळात मेलेल्या माणसाला पुढचं सगळं दिसतं, पण काही करता येत नाही. ड्रॅगनसमोर वहिनी एकट्या उरल्या. वैद्याच्या हातात शस्त्र म्हणून एक काठी असते. तिने कोंबडीसुद्धा दचकणार नाही. वहिनींनी त्या काठीने ड्रॅगनला मारायला सुरुवात केली. लागलं की स्वतःला बरं करायचं, पुन्हा मारायचं. न बोलता, पाठ ताठ ठेवून, बावीस मिनिटं. तोफ पहिली दोन मिनिटंच सूचना देत होता. शेवटी ड्रॅगन कोसळला, सोनेरी अक्षरं चमकली. विजेत्यांच्या यादीत एकच नाव होतं.

लगेच चौकशी बसली. आरोप दोन. एक, तीन सहकाऱ्यांचा मृत्यू. दुसरा अधिक गंभीर होता: विजय.

"पण आमच्याशिवाय जमलंच कसं?" दादाने विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता. बावीस मिनिटांत त्याने टेबलावरून हात उचलला नव्हता.

वहिनींनी लॅपटॉप मिटला. "अहो, एकाच जिवाकडे बघायचं होतं. आणि तो ओरडत नव्हता."

दादाने एकेक करून तिन्ही पडदे बंद केले. मग, "पुढच्या रविवारी..." एवढंच म्हणाला. वहिनी तोवर आत जाऊन आडव्या झाल्या होत्या.

आता रविवारी त्या वॉर्डातल्या चार मैत्रिणींबरोबर खेळतात. पाचही जणी वैद्य. एक राक्षस मारायला त्यांना तीन तास लागतात, पण अजून एकही दगावलेली नाही. खेळताना त्या डॉक्टरांविषयी जे बोलतात, ते दाराशी उभं राहून ऐकण्यासारखं असतं. दादा हल्ली उभा राहतो.

आमच्या संघातली जागा रिकामी आहे. आम्ही रीतसर जाहिरात दिली: "वैद्य पाहिजे. हात चपळ, कान जाड. देखावे बघण्याची आवड नसावी." पाच आठवड्यांत एकेचाळीस जणांनी चौकशी केली. चाळिसांनी योद्ध्याची जागा आहे का विचारलं. एकाने वैद्य व्हायची तयारी दाखवली, पण स्वतःच्या बायकोच्या वतीने.

आपण ही हकिगत इथवर वाचलीत, वहिनींच्या बाजूने मान हलवलीत, आम्हा तिघांना मनातल्या मनात चार शब्द सुनावलेत. संघ आपला आभारी आहे. अर्जाचा कोरा कागद मी आपल्याला पाठवणारच होतो. पण कारकुनाला माणूस कळतो. म्हणून न विचारताच आपलं नाव प्रतीक्षायादीत घातलं आहे. योद्ध्यांच्या.