रेकॉर्डिंगला उत्तर देणारा दिगूभाऊ

रेकॉर्ड केलेल्या लेक्चरमध्ये सरांनी "कळलं ना?" असं विचारलं, तर तुम्ही उत्तर देता का?

आमचा दिगूभाऊ देतो. हा परभणीकडचा. चाकणच्या कंपनीत आम्ही एकाच लाइनवर, चिखलीत एकाच खोलीत आणि दूरशिक्षणाच्या बी.ए.लाही एकत्रच. मी लेक्चर दुप्पट वेगाने, भाजी चिरता चिरता ऐकतो. दिगूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालतो, मोबाइल पाण्याच्या पिंपाला टेकवतो आणि मांडी घालून बसतो.

"अरे, गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे ते!"

"असू दे. इचारलं ना त्यांनी? मंग गप बसणं बरं दिसतंय का?"

नेट अडकलं की तो "लाइन थांबली!" म्हणून ओरडतो. परीक्षेला ऑडिट म्हणतो. सरांचे विनोदसुद्धा वहीत उतरवतो आणि पुढे लिहितो, 'हसलो'.

मागच्या आठवड्यात त्याने विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारलं, "रविवारी आकुर्डीच्या केंद्रावर समोरासमोर तास हाय. दहा जण जमले तरच पुढं चालू ठेवणार म्हनतात. कोण येतंय?"

"भावा, ऑनलाइन आहे ना सगळं?"

"ओव्हरटाइम आहे राव."

"डिग्री पाहिजे, बाक नको."

मी अंगठ्याचं चित्र टाकलं आणि रविवारी झोपून राहिलो. कामगारांनो एक व्हा, अशी पत्रकं गेटवर वाटणारा मी!

शिफ्टमध्ये पिळून निघालेल्या माणसाला घरबसल्या शिकता यावं, हा त्याचा हक्कच आहे. पण एकेकट्याला खोलीत बसवून शिकवलं, की शेजारच्याला कोपर मारून "तुला तरी कळलं का?" असं विचारायची सोय राहत नाही. एकटा माणूस गप्प बसतो, आणि ते पुष्कळांना सोयीचं असतं.

दिगूभाऊ दुपारी परतला.

"किती जण होते?"

"सर आन मी."

"म्हणजे तास झालाच नाही?"

"झाला की! सरांनी आधी हजेरी घेतली. सगळी यादी वाचली. माझं नाव बापाच्या नावासकट पुकारलं रे. हितं आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी." तो शर्टाची बटणं काढता काढता थांबला. "तुझं नाव आलं तवा मी सांगितलं, पुढच्या बारीला येतोय म्हनून."

सरांनी केंद्राकडून आणखी एक रविवार मागून घेतलाय. तुम्ही त्या यादीत असाल, तर येत्या रविवारी सकाळी दहाला आकुर्डीला या. लेक्चर मोबाइलवर नंतरही ऐकता येईल. मला धरून आम्ही दोघं आहोत. अजून आठ जण हवेत.