नववी ब मधला रजेचा अर्ज

मराठीत मला तोड नाही, हे मी नाही, अख्खा तेल्हारा म्हणतो! कोणाच्या घरी बारसं असो की तेरवी, पत्रिकेचा मजकूर किशोर सरांकडूनच जातो. फेसबुकवर माझे साडेचार हजार मित्र आहेत, आणि रविवारी सकाळी मी काही टाकलं नाही तर लोक तब्येतीची चौकशी करतात. आता अशा माणसाला माफीची चार वाक्यं लिहायला किती वेळ लागावा? मला नऊ दिवस लागले.

झालं असं. रविवारी चाचणी परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. प्रश्न होता, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहा. पस्तीस पोरांना पस्तीस वेळा थंडीताप आलेला. आणि मग हा अर्ज आला:

'मॅडम, मले दोन दिवस सुट्टी पायजे. कावून का मायच्या डोळ्याचं आप्रेशन हाय अकोल्याले. तिले हात धरून न्या लागते. सुट्टी नाही देल्ली तरी मी जाईन, पन तुमाले सांगून गेलेलं बरं.'

मी इतका हसलो की चहा नाकात गेला! लगेच फोटो काढला. नावावर पेनचं टोपण ठेवलं, कारण मी तत्त्वाचा माणूस! वर लिहिलं, 'हा अर्ज आहे की धमकी? अशी रत्नं वर्गात असताना मराठीच्या शिक्षकाने निवृत्ती घ्यावी की संन्यास?' आणि दिलं सोडून.

दुपारपर्यंत चारशे लोक हसले. पातूरचे हसले, अकोल्याचे हसले, दुबईतला एक माजी विद्यार्थी हसला. प्रतिक्रियांचा नुसता पाऊस! मी आपला सोफ्यावर पडून एकेका प्रतिक्रियेला अंगठा देत होतो. लग्नात आहेराची पाकिटं घेतो ना आपण, तसं. कोणी दिलं, काय दिलं, बघायचं नाही. नुसतं घ्यायचं आणि हसायचं.

बायको, रागिणी, भाजी निवडत होती. म्हणाली, "पोरीनं काय चुकीचं लिवलं? सगळं तर समजून राहिलं."

"अगं, पण भाषा!"

"अन् तुमी आता मले काय म्हटलं? 'मले पानी दे' म्हटलं का 'मला जल अर्पण कर' म्हटलं?"

घरात विनोदाची कदर नाही, म्हणून मी विषय सोडला.

संध्याकाळी फोन आला. अनोळखी नंबर. मागे यंत्रांची घरघर.

"किशोर सर बोलता काय? मी धर्मेंद्र. पायलचा बाप. नववी ब."

"बोला, बोला! काय म्हणते पायल?"

"मी नांदगाव पेठले असतो, कापडाच्या कंपनीत. जेवणाच्या सुट्टीत पोरं मोबाइल पाहून हासून राहिले होते. मले बी दाखवलं. म्या बी हासलो, सर."

मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "मंग अक्षर वयखलं."

मी उठून बसलो.

"खाली एकानं लिवलं, 'अशांना शाळेत घेताच कशाला?' त्याले तुमचा अंगठा हाय, सर."

"माझा? छे! शक्यच नाही!"

"पाहा तुमी." आणि फोन बंद.

पाहिलं. होता. निळाशार, ठसठशीत!

पोस्ट लगेच काढून टाकली, पण तोवर ती शेजाऱ्याच्या बकरीसारखी गावभर फिरली होती. सोमवारी पायल शाळेत आली नाही. मंगळवारी आली नाही. वर्गातल्या पोरांनीही अक्षर ओळखलं होतं. बुधवारी मुख्याध्यापिका सत्यवती मॅडमनी बोलावलं.

"सर, जाहीर माफी मागा. आजच."

माफी! हा तर माझ्या डाव्या हातचा मळ! बसलो आणि लिहिलं: 'अनवधानाने घडलेल्या एका लेखनप्रमादामुळे जर कोणा सुहृदाचे अंतःकरण व्यथित झाले असेल, तर त्याबद्दल मी सखेद दिलगिरी व्यक्त करतो.'

काय सांगू! माफीला मूळ पोस्टपेक्षा जास्त लाइक आले! 'व्वा सर, काय शब्दकळा!' 'असा दिलदार गुरू होणे नाही.' एकानं विचारलं, 'पण झालं काय?' दुसऱ्यानं त्याच्यासाठी जुना फोटो शोधून खाली चिकटवला. ज्यांनी तो पाहिला नव्हता, त्यांनी आता पाहिला आणि ते नव्यानं हसायला लागले.

रागिणीनं माफी दोनदा वाचली. "हे कोनाले म्हटलं? अन् कावून म्हटलं? कोनी मेलं काय?"

तिचं बरोबर होतं. माफीत नाव नव्हतं. ठीक! दुसरी माफी लिहिली, अगदी नेमकी: 'इयत्ता नववी ब मधील कुमारी पायल हिची मी जाहीर क्षमा मागतो.' आणि समाधानानं शाळेत गेलो.

फाटकातच सत्यवती मॅडम उभ्या होत्या. "सर, तुम्हाला वेड लागलं काय? आतापर्यंत फक्त वर्गाला माहीत होतं! टोपणाखाली झाकलेलं नाव तुम्ही स्वतः साऱ्या जिल्ह्याला सांगितलं?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मी माझीच काळजी करत होतो. नोकरीचं काय, अब्रूचं काय, साडेचार हजार मित्रांचं काय. पोरगी सकाळी उठून दप्तराकडे बघत असेल आणि पुन्हा पांघरूण ओढत असेल, हे मला तिथे फाटकात पहिल्यांदा सुचलं. दुसरी माफीही काढली.

पुढच्या मंगळवारी धर्मेंद्र सुट्टीवर घरी आल्याचं कळलं, तसा त्यांच्या घरी गेलो. आमचे धर्मपाल सर म्हणाले होते, "सोबत पुष्पगुच्छ न्या, फोटो काढा, तो टाका. विषय संपला!" पुष्पगुच्छ घेतला. दार उघडलं पायलच्या आईनं, ज्योत्स्नाबाईंनी. डोळ्यावर काळा चष्मा.

मी उभाच राहिलो. "डोळ्याला काय झालं?"

"कापूस वेचतानी पऱ्हाटीचं टोक लागलं होतं, सर. परीक्षा झाल्याबरोबर अकोल्याले आप्रेशन केलं. पोरीनं हात धरून नेलं."

म्हणजे पस्तीस खोट्या थंडीतापांत एकच अर्ज खरा होता. त्याला मी पाचपैकी शून्य दिलं होतं.

आत बसलो. समोर धर्मेंद्र, भिंतीला टेकून पायल. काय करावं सुचेना, म्हणून सवयीनं हात खिशात गेला आणि मोबाइल बाहेर आला.

"फोन ठेवा, सर," काळ्या चष्म्याआडून ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. एका डोळ्यानं त्यांना माझ्या दोन डोळ्यांपेक्षा जास्त दिसत होतं!

मी घसा साफ केला. "पायल, अनवधानाने घडलेल्या..."

पायलनं बापाकडे पाहिलं. बापानं छताकडे. माझी साडेचार हजार मित्रांची मराठी तिथेच संपली. आणि मग जे बाहेर पडलं, ते थेट माझ्या आईच्या चुलीजवळचं होतं.

"पायल, म्या तुही टिंगल केली. लोकायनं मले वाहवा म्हणावं म्हून केली. तू खरं लिवलं होतं, अन् म्या त्याले हासलो. चुकलं माह्यं."

मग पायल म्हणाली, "हे कावून नाही लिवलं मंग? इतलं तर मले समजते."

"अन् तो अंगठा?" धर्मेंद्रनं विचारलं.

"न वाचता देल्ला."

"वाचून देल्ला असता त एकडाव भांडलो असतो तुमच्याशी," तो म्हणाला. "न वाचता देल्ला म्हटल्यावर काय भांडावं?"



मी पायलला म्हणालो, "मी तुझे मार्क वाढवतो. पाचपैकी पाच!"

"नोका वाढवू. परीक्षेत पुस्तकातल्यासारखं लिवा लागते, ते मले मालूम हाय. आदल्या रातपासून आप्रेशनचंच डोक्यात होतं, तसंच लिवल्या गेलं." तिनं थोडा विचार केला. "दोन द्या. समजलं होतं ना तुमाले?"

"समजलं होतं."

"मंग दोन."

तिसरी माफी तिथेच, त्यांच्यासमोर लिहिली. नाव नाही, वर्ग नाही: 'मी एका विद्यार्थ्याची चेष्टा केली. एका वाईट प्रतिक्रियेला न वाचता पसंती दिली. दोन्ही माझ्याच चुका आहेत. तो फोटो कोणाकडे असेल तर कृपा करून काढून टाका.' सुरुवातीला मी 'जर' लिहिलं होतं. पायलनं त्यावर बोट ठेवलं. खोडलं. पुष्पगुच्छ कोणी घेतला नाही. चहा मात्र दिला.

त्या माफीला अकरा लाइक आले. 'शब्दकळा' म्हणणाऱ्यांपैकी एकही फिरकला नाही. दोघांनी विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना?

पायल गुरुवारी शाळेत आली. दुसऱ्या बाकावर बसली. माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहायला सांगितलं नाही. असे तीन आठवडे गेले. परवा मी समास शिकवत होतो आणि सवयीनं एक विनोद करून बसलो. बरा होता. पोरं हसली. आणि दुसऱ्या बाकावरून हात वर झाला.

"सर, एक विचारू?"

"विचार की!" मी एकदम खूश. तीन आठवड्यांत पहिला प्रश्न!

"हे फेसबुकवर टाकनार काय?"

वर्ग जो हसला, विचारू नका! बाकं वाजली, शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही विनोदाला असा हशा मिळालेला नाही!

मीही हसलो. म्हणजे, सगळ्यांचं हसून झाल्यावर.