एकोणीस मोहांची किंमत

वेडमटोल्याच्या मोहाच्या एकोणीस झाडांची किंमत उणे सहा लाख तीस हजार रुपये निघाली, तेव्हा रोशनने आधी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. आकडा तोच. मग त्याने वही काढली आणि हातचे नीट मांडून सगळं गणित पुन्हा केलं. तरी उणेच. आता एटापल्लीच्या पलीकडे रानात वसलेलं गाव श्रीमंत नसणार, हे रोशनलाही ठाऊक होतं. पण शून्याच्याही खाली सहा लाख? मग आजवर गाव खात होतं ते काय, असा प्रश्न त्याला पडला.

रोशन उसेंडी हा ग्रामसभेचा सचिव. गावात बी. ए. झालेला एकटाच, त्यामुळे कागद आला की तो त्याच्याच गळ्यात. या वेळचा कागद रस्त्याचा होता. एटापल्लीला जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता आणि रुंदीच्या आखणीत एकोणीस मोह बरोब्बर येत होते. कागदोपत्री ती झाडं कोणाचीच नव्हती. गावात मात्र प्रत्येक मोहाला घर होतं. कोणता मोह कोणाचा, हे पोरं चालायला लागली की त्यांना कळत असे. त्यातले तीन सुकरीबाईचे. नवरा गेलेला, मुलगा दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात. म्हातारीच्या घरात वर्षभर जे तेल लागे ते या तीन झाडांच्या टोरीचं, म्हणजे मोहाच्या फळातल्या बियांचं. ती झाडं गेली असती, तर सुकरीबाईला तेलाची बाटली दुकानातून आणावी लागली असती आणि दुकानात उधारी मागायची तिला भारी लाज.

रस्त्याचा इंजिनियर प्रफुल्लभाऊ नागभीडकडचा. माणूस वाईट नव्हता. झाडं तोडायच्या गोष्टीने त्यालाच कसंतरी होत होतं. रस्ता वाकवायचा तर अकरा लाखांचा खर्च वाढतो, असं त्याने सांगितलं आणि मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "झाडं अकरा लाखाच्या वर हायेत असं कागदावर दाखव. रस्ता वाकवाचं मी पाहतो."

आता योग असा, की रोशन नुकताच गडचिरोलीला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला होता. तिथे नागपूरहून आलेल्या साहेबांनी, देश आपल्या जमिनीखालच्या तेलाची संपत्ती कशी मोजतात, ते पडद्यावर दाखवलं होतं. नुसतं तेल किती आहे ते बघून चालत नाही. तेलाच्या भावातून ते बाहेर काढायचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याला साठा किती वर्षं पुरेल त्याने गुणायचं. रोशनने सगळं लिहून घेतलं होतं. त्यांचं तेल जमिनीखाली, आपलं फांदीवर. हिशोबाला काय फरक पडतो?

त्याने मन लावून काम केलं. एका झाडाची टोरी चाळीस किलो, तिचं तेल दहा किलो, म्हणजे एकोणीस झाडांचं वर्षाला एकशे नव्वद. आलापल्लीचे तेलाचे व्यापारी कय्यूमभाई यांनी फोनवर किलोचा भाव दीडशे सांगितला. झाले साडेअठ्ठावीस हजार. इथपर्यंत सगळं झकास होतं. मग तो तेल काढायचा खर्च विचारायला घरोघर गेला आणि तिथेच फसला.

टोरी वेचायला किती दिवस लागतात, असं त्याने बायांना विचारलं. बायांनीही प्रामाणिकपणे आठवून आठवून सांगितलं. वेचायचे दिवस, फोडायचे दिवस, वाळवायचे दिवस. शिवाय माहेरची मैत्रीण भेटली म्हणून मोहाखाली बसून राहिलेले दिवस, सोयरीक जुळवायला गेलेले दिवस आणि सुनेशी पटलं नाही म्हणून उगाच टोपली घेऊन निघालेले दिवस. रोशन वडीलधाऱ्यांचं ऐकणारा माणूस. त्याने एकही दिवस गाळला नाही. सगळ्यांचे मिळून एकशे तीस दिवस भरले. तीनशे रुपये रोजाने एकोणचाळीस हजार झाले. साडेअठ्ठावीस हजारांचं तेल काढायला एकोणचाळीस हजारांचा खर्च. वर्षाला साडेदहा हजारांचा तोटा.

वर्षांच्या रकान्यापाशी तर सुकरीबाईने त्याला वेड्यातच काढलं. हा साठा किती वर्षांत संपेल, असं विचारल्यावर तिला प्रश्नच कळेना. तिची आजी याच झाडाखाली वेचत होती. "संपते कसा? दरवर्षी येते ना," ती म्हणाली. रोशनने बिचकत साठ लिहिलं आणि तोटा साठपट झाला.

तो आकडा घेऊन रोशन दोन दिवस तोंड लपवून फिरला. या हिशोबाने झाडं तोडणं म्हणजे गावावर उपकारच ठरत होते. शेवटी न राहवून त्याने सुकरीबाईला खरं काय ते सांगून टाकलं. तुमचा रोज धरला म्हणून झाडं बुडीत निघाली, असं म्हणताना त्याचा आवाज रडवेला झाला होता.

सुकरीबाई टोपली विणत होती. तिने हात थांबवला. "त्या दिवसायचा रोज कोन मांगतला तुले? मोहाखाली जाचे पैसे काऊन लागतीन? उन्हाळाभर मले घरात रंजीतासंग बसवजो, मंग मांग म्हन रोज."

रंजीता म्हणजे तिची सून. ती आतून ऐकत होती. तिने, आपलंही म्हणणं तेच आहे, असं कळवलं.

रोशनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. मजुरी खोडली. साडेअठ्ठावीस हजार गुणिले साठ, सतरा लाख दहा हजार. प्रफुल्लभाऊने तो कागद दोनदा वाचला, रोशनची पाठ थोपटली आणि वर पाठवून दिला.

वर मात्र खळबळ उडाली. रस्त्याकडेच्या एकोणीस झाडांची किंमत सतरा लाख, आणि तीही गावानेच काढलेली? असं कसं चालेल? पडताळणी समिती नेमली गेली. झाडांचे जाणकार, जमिनीचे, शेतीचे, तेलाचे, असे आठ जण, तीन गाड्या, तीन चालक. जूनमध्ये टोरी पडायला लागल्यावर समिती वेडमटोल्यात उतरली. एका झाडाची टोरी तोलून, वाळवून, तेल काढायला त्यांना आठवडा लागला. त्यातलं दोन किलो नमुना म्हणून बाजूला काढलं. मडक्यावर लाखेची मोहोर लावायचं सामान गाडीत राहिलं होतं, म्हणून तेवढ्या वेळापुरतं मडकं सुकरीबाईच्या घरी ठेवलं.

आता दारी पाहुणे आले की नवं तेल आधी त्यांच्या पानात, ही वेडमटोल्याची रीत. त्यात अकरा पाहुणे, तेही शेवटच्या दिवशीचे. सुकरीबाईने उडदाचे वडे तळले. समितीच्या अध्यक्षांनी सात खाल्ले आणि तेलाला वास किती छान आहे, असं दोनदा सांगितलं. जेवणं उरकल्यावर त्यांनी नमुना मागितला. सुकरीबाईने रिकामं मडकं आणून दाखवलं आणि आणखी वडे हवेत का ते विचारलं.

सुकरीबाईला रागवायचं तर तोंडात अजून तिच्याच वड्याची चव. अहवालात कारण लिहिणं भाग होतं. अहवालाचं काम अंगावर पडलेल्या प्रफुल्लभाऊने पुष्कळ विचार करून लिहिलं, 'नमुना समितीच्या उपयोगात आला.'

नमुना नाही म्हणजे पुन्हा येणं आलं. तोवर नाल्याला पूर आला आणि मोजणी पुढच्या वर्षावर गेली. तेव्हा तेलाच्या जाणकारांना आठवलं, की मोह एक वर्ष भरभरून येतो आणि एक वर्ष हात आखडतो. एका वर्षाच्या वजनावर विश्वास ठेवता येत नाही, तीन वर्षं तोलावं लागेल. तीन वर्षांच्या गाड्या, भत्ते, प्रयोगशाळा यांचा अंदाज करून द्यायचं काम प्रफुल्लभाऊकडेच आलं. त्याने एकही गाडी जास्तीची धरली नाही. तरी अंदाज अकरा लाख ऐंशी हजारांवर गेला.

मोठ्या साहेबांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर रस्ता वाकवायचे अकरा लाख. दुसऱ्यावर, रस्ता वाकवायची गरज आहे का, हे ठरवायचे अकरा लाख ऐंशी हजार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खाली एकच ओळ लिहिली. रस्ता वाकवावा.

रोशन बातमी घेऊन धावतच निघाला. सुकरीबाई तिच्या मोठ्या मोहाखाली पाला झाडत होती. झाडं राहिली हे ऐकल्यावर ती खाली बसली आणि बराच वेळ बुंध्यावर हात ठेवून राहिली. तिचे डोळे भरले होते.

मग पदराने नाक पुसत तिने विचारलं, "किती निघाली म्हंतलं शेवटी किंमत?"

रोशन ओशाळला. तीन दिवसांचं प्रशिक्षण, महिनाभराची घरोघर वणवण, आठ साहेब आणि हाती काय? "निघालीच नाई, बाई," तो म्हणाला. "काढाले लय पैसे लागून राह्यले, म्हनून सोडून देल्ली."

सुकरीबाईने झाडू उचलला.

"बरं झालं नाई निघाली ते. निघाली असती तं कोनीतरी तेवढे पैसे देऊन झाडं नेली असती."