पिंपळनेर तापलं

मी माझ्या सासऱ्यांना घाबरतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायची कटकट नको. तोताराम आबा मला आजवर एकदाही रागावलेले नाहीत. ते फक्त बघतात. केळीचा घड कापायच्या आधी शेतकरी बघतो तसं. (मग कापत नाहीत, हे माझं नशीब.)

तर अशा माणसाला मी म्हणालो, "आबा, यंदा व्यापाऱ्याला कच्चा माल देऊ नका. आमच्या कंपनीच्या चेंबरमध्ये पिकवायला टाका. मी जातीनं लक्ष ठेवीन." कुणी सांगितलं होतं मला?

आमच्या कंपनीची केळी पिकवायची थंड चेंबरं जळगाव, धुळे आणि पिंपळनेरला आहेत. आबांचा माल पिंपळनेरला गेला. प्रत्येक ठिकाणचा सर्व्हर दिवसभर पुटपुटत असतो: दार उघडलं, दार लागलं, तापमान सतरा. ह्या पुटपुटण्याला लॉग म्हणतात. आमच्या प्रेमराजभाऊ साहेबांनी ठरवलं, की सगळे लॉग जळगावला एका जागी आणायचे आणि प्रत्येक ओळीला टॅग लावायचा. टॅग म्हणजे आहेराच्या पाकिटावरचं नाव. ते नसलं तर पाकीट कोणाचं तेच कळत नाही. हे काम माझ्याकडे आलं, कारण त्या दिवशी बाकीचे रजेवर होते.

म्हटलं, आधी घरी करून बघू. जळगावातच, पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, कपड्यांच्या तारेला, तापमान मोजायची एक छोटी डबी अडकवली. तिला बजावून ठेवलं, पस्तिसाच्या वर गेलं तरच बोलायचं, एरवी गप्प. टॅग काहीतरी द्यायलाच हवा होता. सध्या 'पिंपळनेर' देऊ, मग बदलू. (मी जे जे 'मग' करणार होतो, त्याने एक वेगळा सर्व्हर भरेल.) थंडीचे दिवस. डबी गप्प राहिली. मी तिला साफ विसरलो आणि पिंपळनेरला जाऊन खरं यंत्र बसवून आलो.

रविवारी आबा भरीत खायला आले. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आबा तोंडात घेत नाहीत. वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवरच भाजली पाहिजेत. पऱ्हाट्यांचा भारा त्यांनी स्वतःच जीपमधून आणला. माझी बायको नूतन तो घेऊन गच्चीवर गेली, आणि मी आबांना पुढच्या खोलीत बसवून मोबाइल दाखवला.

"हे बघा पिंपळनेर. तुमची केळी सतरा अंशावर निवांत आहेत."

"इथून दिसते?"

"इथून."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या नजरेत मला थोडी किंमत दिसली. मी ताठ बसलो. तेवढ्यात मोबाइल वाजला. पिंपळनेर, एकेचाळीस.

"काय झालं?"

"काही नाही." बावन्न. अडुसष्ट. अडुसष्टला केळी पिकत नाहीत, शिजतात. आबांचा वर्षभराचा माल, आणि तो माझ्या शब्दावर तिथे ठेवलेला.

"जवाईबापू, धुराचा वास येऊ राह्यला."

"नूतन वांगी भाजतेय," मी म्हणालो. (हे मी माझ्या तोंडाने म्हणालो. कंपनी मला डोकं चालवायचा पगार देते.)

पिंपळनेरच्या चेंबरवर कुंदन असतो. त्याला फोन लावला.

"कुंदन, एक नंबर चेंबर पेटलंय."

"मी त्यानाच म्होरे उभा शे, भाऊ. काटा सतरावर शे. बठ्ठं बराबर शे."

"काटा बिघडलाय. स्क्रीनवर अडुसष्ट आहे."

"हात लाईसन पाह्यं, भाऊ. थंडगार शे."

"तुझा हातही बिघडलाय. दार उघड, माल बाहेर काढ."

आबा उठले. त्यांनी खिशातून जीपची किल्ली काढली. "चला."

पिंपळनेरपर्यंत तीन-चार तास त्यांच्या शेजारी बसून जायचं होतं. "नूतनला सांगून येतो," म्हणत मी गच्चीवर पळालो. खरं म्हणजे मला रडायला जागा हवी होती.

गच्चीवर पऱ्हाट्यांचा जाळ धडधडत होता, वांगी तडतडत होती आणि त्यांच्या बरोब्बर वर, तारेला, माझी डबी लोंबत होती.

"अहो, ही डबी कसली?" नूतनने विचारलं. "मघापासून लाल दिवा लावतेय."

"हे पिंपळनेर आहे," मी म्हणालो.

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मी डबी ओढून काढली (चटका बसला, पण ओरडायचा तो प्रसंग नव्हता) आणि कुंदनला दार लावायला सांगितलं. दोन-चार कॅरेट बाहेर आले होते, ते आत गेले. केळी वाचली. आता मी वाचायचा होतो.

खाली आबा जीप सुरू करून बसले होते.

"झालं, आबा. पुन्हा सतरा."

"कसं काय?"

"इथूनच दुरुस्त केलं मी." खरं सांगायची छातीच झाली नाही. आबांनी बराच वेळ बघितलं, मग जीप बंद केली.

जेवायला बसलो. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. माझी डावी मूठ मांडीखाली, मुठीत ती डबी. खिशात ठेवली तर आबांना फुगवटा दिसेल, अशी मला भीती वाटली. तेवढ्यात प्रेमराजभाऊंचा फोन आला. माझा उजवा हात भरितात, डाव्याची ही अवस्था. नूतनने फोन स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवला.

"हितेंद्र, पिंपळनेर छत्तीसवर अडकलंय. वर जात नाही, खाली येत नाही. कुंदन शपथेवर सांगतोय चेंबर सतरावर आहे. मग हे छत्तीस कुणाचं?"

नूतन बघत होती. आबा बघत होते. मी मांडीखालून मूठ काढली आणि उघडली. काळवंडलेली डबी, लाल दिवा चालू.

"भाऊ," मी म्हणालो, "ते माझं आहे."

आबा घास संपवून पाणी प्यायले, एकदा माझ्याकडे बघून फोनकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हा माल अजून कच्चा हाये. चेंबरमधी टाका. आठ दिवस दार उघडू नका."